कृषि विद्यापीठातील पीकशास्त्राचे शिक्षण आणि शेतकऱ्याचे हित

बारावीचा निकाल लागला, की शेतकऱ्यांच्या अनेक घरांत एक प्रश्न उभा राहतो. मुलगा वा मुलगी विज्ञान शाखेतून उत्तीर्ण झालेली असते आणि तिला पुढे कोठे पाठवावे, ह्याचा विचार घरातील मंडळी करू लागतात. कृषि महाविद्यालयाचे नाव निघाले, म्हणजे बहुधा दोन मते ऐकावयास मिळतात. शेती तर घरीच शिकता येते, तिच्यासाठी चार वर्षे व पैसा कशाला घालवावयाचा, असे काहीजण म्हणतात. कृषि पदवी ही स्पर्धा परीक्षेची व सरकारी नोकरीची एक पायरी आहे, तेवढ्यासाठीच ती घ्यावी, असे इतरांचे म्हणणे असते.

दोन्ही मतांत थोडेफार तथ्य आहे. परंतु ह्या शिक्षणाचे खरे मोल दोहोंतूनही निसटते. पीक बिघडले असता त्याला नेमके काय झाले आहे हे ओळखता येणे आणि त्याप्रमाणे योग्य तोच उपाय करता येणे, हे पीकशास्त्राच्या शिक्षणाचे मुख्य फळ होय. निदान चुकले, तर औषधाचा खर्च वाया जातो, हंगाम हातचा जातो आणि प्रसंगी माणसाच्या जिवावरही बेतते. म्हणून हे शिक्षण कोठे मिळते, त्यात काय शिकवितात आणि गावाने त्याचा लाभ कसा करून घ्यावा, ह्याची माहिती प्रत्येक शेतकऱ्यास व गावपातळीवरील कार्यकर्त्यास असावयास हवी.

शेतकऱ्यांसाठी स्थापन झालेली विद्यापीठे

महाराष्ट्रात शेतीचे उच्च शिक्षण नवे नाही. नागपूरचे कृषि महाविद्यालय १९०६ साली आणि पुण्याचे १९०७ साली सुरू झाले. मात्र शिक्षण, संशोधन व विस्तार ही तिन्ही कामे एकाच संस्थेने करावीत, ही कल्पना आपल्या देशात स्वातंत्र्यानंतर रुजली. अमेरिकेत १८६२ च्या कायद्याने राज्यांना जमिनी देऊन शेती व यंत्रविद्येची महाविद्यालये उभारण्यात आली होती. त्याच धर्तीवर १९६० साली पंतनगर येथे भारतातील पहिले कृषि विद्यापीठ स्थापन झाले.

महाराष्ट्रात १९६८ साली राहुरी येथे महात्मा फुले कृषि विद्यापीठ आणि १९६९ साली अकोला येथे डॉ. पंजाबराव देशमुख कृषि विद्यापीठ उभे राहिले. १९७२ साली परभणी व दापोली येथील विद्यापीठे स्थापन झाली. त्यांना आज अनुक्रमे वसंतराव नाईक मराठवाडा कृषि विद्यापीठ व डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषि विद्यापीठ ह्या नावांनी ओळखले जाते. ह्या नावांनाही अर्थ आहे. शेतकऱ्याचे अज्ञान व त्याची हलाखी ह्यांचे नाते महात्मा फुले यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ ह्या ग्रंथात दाखवून दिले. डॉ. पंजाबराव देशमुख हे १९५२ ते १९६२ ह्या काळात देशाचे कृषिमंत्री होते.

चार विद्यापीठे काढण्याचे कारण उघड आहे. कोकणातील जांभ्या जमिनीवरील आंबा-काजूचे प्रश्न निराळे, विदर्भातील काळ्या जमिनीवरील कपाशीचे निराळे, आणि सोलापूर-नगरकडील अवर्षणग्रस्त भागातील रब्बी ज्वारीचे त्याहून निराळे. ज्या भागाचे पीक, त्याच भागात त्याचा अभ्यास व्हावा, हा ह्या रचनेचा हेतू आहे. ही विद्यापीठे जनतेच्या पैशातून चालतात. तेव्हा तेथे शिकण्याचा, तसेच तेथे जाऊन प्रश्न विचारण्याचा शेतकऱ्याला पूर्ण अधिकार आहे.

चार वर्षांत काय शिकवितात

कृषि पदवीचा अभ्यासक्रम चार वर्षांचा, म्हणजे आठ सत्रांचा असतो. त्यात पीक लागवड, मृदाशास्त्र, फळे व भाजीपाला, आनुवंशिकी व वनस्पतिप्रजनन, वनस्पतिरोगशास्त्र, कीटकशास्त्र, वनस्पतींची शरीरक्रिया, बीजशास्त्र, कृषि अर्थशास्त्र व विस्तार शिक्षण हे विषय येतात. विद्यार्थी वर्गात बसतो, प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे बीजाणू पाहतो आणि विद्यापीठाच्या प्रक्षेत्रावर स्वतः पीकही घेतो. पुढे एखाद्या विषयात विशेष अभ्यास करावयाचा असल्यास दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी घेता येते.

हे विषय पुस्तकी वाटतात. परंतु त्यांतील प्रत्येकाचा धागा शिवारापर्यंत पोहोचतो. वनस्पतींच्या शरीरक्रियेचेच उदाहरण घ्या. पीक पिवळे पडले, की अनेक शेतकरी युरियाचे पोते उघडतात. पण पिवळेपणा कोणत्या पानांवर प्रथम आला, हे आधी पाहावयास हवे. नत्राची उणीव झाली, तर वनस्पती जुन्या पानांतील नत्र काढून नव्या पालवीला पुरविते. त्यामुळे खालची पाने आधी पिवळी होतात. लोह मात्र जुन्या पानांतून नव्या पानांकडे सहजासहजी जात नाही. म्हणून लोहाची उणीव असल्यास शेंड्याकडील कोवळी पाने पिवळी पडतात व त्यांच्या शिरा हिरव्या राहतात. चुनखडीयुक्त जमिनीत भुईमूग, सोयाबीन व ऊस ह्या पिकांवर असे वरचेवर दिसते. तेथे युरिया टाकून काहीही साधत नाही. फेरस सल्फेटची शिफारशीप्रमाणे फवारणी करावी लागते. खालचे पान की वरचे पान, एवढे पाहण्याची सवय लागली, तरी खताचा कितीतरी खर्च वाचतो.

रोगाचे नाव बरोबर लागले पाहिजे

तुरीवर दोन मोठे रोग येतात. गावात कित्येकदा दोहोंनाही ‘तूर बसली’ एवढेच म्हटले जाते. पहिला मर रोग. तो जमिनीतील बुरशीमुळे होतो. झाडे फुलोऱ्याच्या सुमारास एकाएकी सुकू लागतात, बुंध्यापासून वर जाणारा जांभळट-तपकिरी पट्टा खोडावर दिसतो आणि खोड उभे चिरले, तर आत काळपट रेषा आढळतात. झाडाच्या पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या बुजल्यामुळे, जमिनीत ओल असूनही झाड वाळते. दुसरा वांझ रोग. त्यात झाड वाळत नाही, उलट झुडपासारखे हिरवे राहते. पाने लहान व फिकट ठिपक्यांची होतात, फुले-शेंगा येत नाहीत. हा विषाणूचा रोग असून डोळ्यांना न दिसणारी कोळ्याच्या वर्गातील एक सूक्ष्म कीड त्याचा प्रसार करते.

रोग दोन, कारणे दोन, म्हणून उपायही दोन. मर झाली असेल, तर त्याच शेतात पुढील वर्षी पुन्हा तूर घेऊ नये. ज्वारीसारख्या पिकाची फेरपालट करावी आणि ट्रायकोडर्माची बीजप्रक्रिया करावी. वांझ रोग असेल, तर रोगट झाडे लवकर उपटून नष्ट करावीत आणि कोळी किडीचा बंदोबस्त करावा. वांझ तुरीवर बुरशीनाशक मारणे म्हणजे पैसे मातीत घालणे होय. बदनापूर येथील संशोधन केंद्राने ह्या दोन्ही रोगांना प्रतिकार करणारा बीएसएमआर ७३६ हा वाण दिला, तोही दोन्ही रोगांचे स्वरूप आधी नीट कळले म्हणून.

कपाशीचा धडा

२०१७ च्या हंगामाने हीच गोष्ट फार कठोरपणे शिकविली. त्या वर्षी विदर्भ व मराठवाडा ह्या भागांत बीटी कपाशीवर गुलाबी बोंडअळीने मोठे नुकसान केले. बीटी कपाशीतील प्रथिनांना ही अळी दाद देईनाशी झाली होती. ह्या अळीची राहणी ज्याने अभ्यासली आहे, त्याला ठाऊक असते, की अंड्यातून निघताच ती थोड्याच वेळात बोंडात शिरते आणि तिचे छिद्र बुजून जाते. बोंड बाहेरून निरोगी दिसते. अळी आत गेल्यावर केलेली फवारणी तिच्यापर्यंत पोहोचतच नाही. तिचा बंदोबस्त पतंगाच्या अवस्थेतच आरंभावा लागतो. त्यासाठी हेक्टरी पाच कामगंध सापळे लावून रोज पतंग मोजावेत. सतत तीन दिवस दर सापळ्यात आठ किंवा अधिक पतंग आढळले, तर उपाय करण्याची वेळ आली असे समजावे. डोमकळ्या वेचून नष्ट कराव्यात, फरदड घेऊ नये आणि हंगाम संपताच पऱ्हाट्या शेतातून हलवाव्यात. पुढील वर्षाची अळी ह्याच पऱ्हाट्यांतून व राहिलेल्या बोंडांतून येते.

त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजूर दगावले. निरनिराळी औषधे एकत्र मिसळणे, उंच व दाट वाढलेल्या पिकात शिरून फवारणे, तोंडाला व हाताला संरक्षण नसणे, ही कारणे पुढे आली. औषधाच्या डब्यावरील लाल, पिवळा, निळा व हिरवा त्रिकोण विषारीपणाचा उतरता क्रम दाखवितो, ही गोष्ट कीटकशास्त्राच्या वर्गात शिकविली जाते. ती प्रत्येक गावात, फवारणी करणाऱ्या प्रत्येक मजुरापर्यंत पोहोचली असती, तर काही घरे उघडी पडली नसती. वर्गातील ज्ञान वर्गातच राहिले, तर त्याची किंमत कोण देतो, हे ह्यावरून दिसून येते.

बियाण्याची पारख

संकरित कपाशी वा संकरित बाजरी चांगली आली, म्हणून तिचेच बी राखून पुढील वर्षी पेरावे, असे काहींना वाटते. आनुवंशिकीचा अभ्यास केलेला विद्यार्थी त्यामागचा धोका समजावून सांगू शकतो. दोन निराळ्या वाणांच्या संकरातून आलेली पहिली पिढी जोमदार व एकसारखी असते. पण तिचे बी पेरले, की आजा-आजीचे गुण वेगवेगळे होऊन बाहेर पडतात. कोठे झाड उंच, कोठे ठेंगणे, कोठे लवकर येणारे, कोठे उशिरा, अशी सरमिसळ होते व उत्पन्न घटते. सोयाबीन, हरभरा, गहू ह्यांच्या सरळ वाणांचे मात्र तसे नाही. त्यांचे बी काळजीपूर्वक राखल्यास घरचे बियाणे वापरता येते.

सोयाबीनचे टरफल फार पातळ असते. मळणी जोरात केली किंवा पोती आपटली, तर आतील अंकुराला इजा होते. म्हणून पेरणीपूर्वी घरच्या घरी उगवणशक्ती तपासावी. सरसकट शंभर दाणे मोजून घ्यावेत. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या रांगांत ते मांडावेत, वर दुसरे ओले गोणपाट घालून गुंडाळी करावी आणि सावलीत ठेवून वरचेवर पाणी शिंपडावे. सात-आठ दिवसांनी चांगले मोड आलेले दाणे मोजावेत. सत्तर किंवा त्याहून अधिक दाणे उगवले, तर बियाणे पेरणीस योग्य समजावे. विकतचे बी घेताना पिशवीवरील खूणचिठ्ठी पाहावी. पायाभूत बियाण्यास पांढरी व प्रमाणित बियाण्यास निळी खूणचिठ्ठी असते.

एका वाणामागची वर्षे

नवा वाण एका हंगामात तयार होत नाही. डाळिंबाची गोष्ट ह्या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. पुण्याजवळील गणेशखिंड येथे डॉ. जी. एस. चीमा यांनी १९३६ साली आळंदी जातीच्या रोपांतून एक चांगले झाड निवडले. तोच पुढे ‘गणेश’ ह्या नावाने प्रसिद्ध झालेला मऊ दाण्यांचा वाण. पुढील पिढीतील शास्त्रज्ञांनी राहुरी येथे त्याचा ‘गुल-ए-शाह रेड’ ह्या लाल जातीशी संकर केला व त्यातून ‘मृदुला’ आणि ‘भगवा’ हे वाण पुढे आले. आज अवर्षणग्रस्त तालुक्यांतील कित्येक कुटुंबे भगव्याच्या बागेवर उभी आहेत. परंतु ह्या बागांवर तेल्या रोगाचे संकट आहे. तो जिवाणूंमुळे होतो, त्यामुळे केवळ बुरशीनाशकाने तो आटोक्यात येत नाही. भगव्याच्या तोडीचा आणि तेल्याला खंबीरपणे तोंड देणारा वाण देणे, हे आज शिकत असलेल्या विद्यार्थ्यांपुढील काम आहे.

भेंडीचे उदाहरणही बोधप्रद आहे. शिरा पिवळ्या पडण्याचा विषाणू रोग पांढरी माशी पसरविते. परभणी येथील शास्त्रज्ञांनी ‘पुसा सावनी’ ह्या वाणाचा भेंडीच्या कुळातील एका रानजातीशी संकर करून, कित्येक पिढ्या निवड करीत ‘परभणी क्रांती’ हा प्रतिकारक वाण तयार केला. कोकणात वेंगुर्ले येथे नीलम व हापूस ह्यांच्या संकरातून ‘रत्ना’ हा आंबा १९८१ साली प्रसारित झाला. हापूसमधील साक्याचा दोष त्यात नाही. आंब्याचे झाड फळ देईपर्यंत अनेक वर्षे जातात. तेव्हा असे काम आरंभणाऱ्यास धीर हवा, आणि त्याच्यामागून ते पुढे नेणारा विद्यार्थीही हवा. रोगजंतू व किडी बदलत राहतात. आजचा प्रतिकारक वाण उद्या बळी पडू शकतो. म्हणून हे शिक्षण घेणाऱ्यांची परंपरा खंडित होऊन चालणार नाही.

अडचणी व त्यांवरील मार्ग

ह्या शिक्षणाच्या वाटेवर अडचणी आहेत, त्या लपवून ठेवू नयेत. पहिली अडचण भाषेची. पदवीचे शिक्षण इंग्रजीतून चालते आणि खेड्यातील विद्यार्थी पहिल्या सत्रात गोंधळतो. परंतु तो रिकाम्या हाताने आलेला नसतो. तांबेरा, भुरी, केवडा, करपा, काणी, मर ही नावे त्याने बांधावर ऐकलेली असतात व ते रोग डोळ्यांनी पाहिलेले असतात. शहरातील विद्यार्थ्याला जे चित्रात पाहावे लागते, ते त्याच्या परिचयाचे असते. नवे नाव जुन्या ओळखीला जोडले, की विषय सोपा होतो.

दुसरी अडचण खर्चाची. विद्यापीठांची स्वतःची घटक महाविद्यालये आणि त्यांना संलग्न असलेली खासगी महाविद्यालये ह्यांच्या शुल्कांत फरक असतो. प्रवेशाचे पसंतीक्रम भरण्यापूर्वी पालकांनी तो विचारून घ्यावा. शुल्कासाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजना आणि अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या व नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. २०२४-२५ ह्या शैक्षणिक वर्षापासून व्यावसायिक अभ्यासक्रमांतील पात्र मुलींचे शिक्षणशुल्क माफ करण्याचा निर्णयही राज्य शासनाने घेतला आहे. घरची शेती पाहणाऱ्या हातांत स्त्रियांचाही मोठा वाटा असतो. तेव्हा मुलीला हे शिक्षण देण्यात घराचाच लाभ आहे.

तिसरी अडचण मनाची. अनेक विद्यार्थी पहिल्या वर्षापासूनच प्रक्षेत्राकडे पाठ फिरवून केवळ स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांत गढून जातात. नोकरी मिळविणे गैर नाही. परंतु पीक न पाहता पदवी घेतलेला अधिकारी गावात आला, तर शेतकऱ्यास त्याचा उपयोग थोडा. ज्याला पीक ओळखता येते, त्याला नोकरी न मिळाली तरी रोपवाटिका, बीजोत्पादन, माती परीक्षण किंवा स्वतःची सुधारलेली शेती ह्यांचे मार्ग मोकळे राहतात.

गावपातळीवरील कार्यकर्त्याने काय करावे

ह्या कामी कार्यकर्त्याचा वाटा मोठा आहे. त्याने पुढील गोष्टी आवर्जून कराव्यात.

१. बारावीच्या परीक्षेपूर्वीच गावातील विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांना व पालकांना एकत्र बोलवावे. सामाईक प्रवेश परीक्षेचा अर्ज वेळेत भरावयाचा असतो, हे सांगावे व त्या वर्षीची माहितीपुस्तिका त्यांच्याकडून वाचून घ्यावी. आवश्यक दाखले काढण्यास आधीच सुरुवात करावी.

२. दहावीनंतर शेतीचे शिक्षण घेऊ इच्छिणाऱ्यांना मराठी माध्यमातील कृषि तंत्र पदविकेची माहिती द्यावी.

३. कृषि पदवीचे विद्यार्थी शेवटच्या वर्षी ग्रामीण कृषि कार्यानुभव कार्यक्रमासाठी गावात येतात. त्यांना केवळ कार्यक्रमाच्या छायाचित्रापुरते उभे करू नये. एकेका विद्यार्थ्यास एकेका शेतकऱ्याच्या शेतावर नियमाने पाठवावे. बीजप्रक्रिया, उगवणशक्तीची चाचणी, मातीचा नमुना काढणे, सापळ्यांतील पतंगांची नोंद ही कामे त्यांच्याकडून करवून घ्यावीत. शेतकऱ्यानेही आपला अनुभव त्यांना मोकळेपणाने सांगावा. शिकणे दोन्ही बाजूंनी व्हावे.

४. रोगट पिकाचे निदान होत नसेल, तर कृषि विज्ञान केंद्राकडे किंवा विद्यापीठाच्या संशोधन केंद्राकडे नमुना पाठवावा. नुसते पान न नेता मुळासकट पूर्ण झाड न्यावे. पूर्ण वाळलेले झाड निरुपयोगी असते. नुकतीच लक्षणे दिसू लागलेले निवडावे. ते प्लॅस्टिकच्या पिशवीत न कोंडता कागदात गुंडाळावे. सोबत वाण, पेरणीची तारीख, आधीचे पीक, दिलेली खते व केलेल्या फवारण्या ह्यांची चिठ्ठी जोडावी. निदान कळेपर्यंत कोणतेही औषध मारण्याची घाई करू नये.

५. विद्यापीठांचे शेतकरी मेळावे व शिवारफेऱ्या भरतात, तेव्हा गावातील शाळकरी मुलांनाही सोबत न्यावे. प्रयोगाचे प्लॉट एकदा डोळ्यांनी पाहिले, की ह्या विद्येविषयी ओढ निर्माण होते.

आपल्या शिवारात दरवर्षी पेरणी होते, तशी ह्या ज्ञानाचीही दरवर्षी पेरणी व्हावयास हवी. ज्या गावातील एक तरी मुलगा वा मुलगी पिकाची नस ओळखण्यास शिकून परत येते किंवा बाहेर राहूनही गावाशी संबंध ठेवते, त्या गावाला दुकानदाराच्या सांगण्यावरून औषध घ्यावे लागत नाही. येत्या प्रवेशाच्या हंगामात प्रत्येक कार्यकर्त्याने आपल्या गावातील अशा विद्यार्थ्यांची यादी करावी, त्यांच्या घरी स्वतः जावे आणि पालकांशी बोलावे.